हिंगोलीचा हादरा: फोन गप्प, ग्रुप जोरात

२१ मार्च २०२४, गुरुवार, सकाळी ६ वाजून ८ मिनिटं. हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या परिसरात. नांदेड आणि परभणीपर्यंत जमीन हलली. दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का आला. तीन-साडेतीन महिन्यांनी, १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५, आणि पुन्हा कळमनुरी तालुकाच.

दोन्ही वेळा आमच्या जिल्ह्यात पहिली बातमी कुठून आली? टीव्हीवरून नाही आणि सरकारी मेसेजवरूनही नाही. ती आली व्हॉट्सॲप ग्रुपवरून. "हादरा बसला का?" "आमच्याकडं भांडे वाजले." "वसमतला पण जाणवलं." मी नोकरीमुळे पुण्यात असतो, पण गावाकडचे तीन ग्रुप फोनमध्ये आहेत: भावकीचा, शाळेच्या बॅचचा आणि हळदीच्या भावाचा. हळदीच्या ग्रुपवर एरवी पहाटे पहाटे कोणी काही टाकत नाही. त्या दिवशी तिथेही रांग लागली होती.

त्यानंतर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: "तू सॉफ्टवेअरवाला ना? मग सांग, त्या गुगलच्या भूकंप अलर्टचं काय झालं? माझा फोन वाजलाच नाही." प्रश्न रास्त आहे. गुगलने ही सोय भारतात २०२३ च्या सप्टेंबरअखेर आणली, तेव्हा जाहिरात भरपूर झाली होती. वीस हजारांचा फोन घेतलाय, सेटिंग चालू आहे आणि जमीन हलली तरी तो गप्प, हे काय? याचं उत्तर थोडं लांब आहे. त्यातून ग्रुपवर कशासाठी विसंबायचं आणि कशासाठी नाही, हेही कळतं.

खिशातला भूकंपमापक

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाचा छोटा सेन्सर असतो. फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो, तो याच्यामुळे. पावलं मोजणारं ॲपही यालाच विचारतं. हा सेन्सर इतका संवेदनशील असतो की जमिनीचं हलणंही त्याला कळतं, फक्त फोन स्थिर पाहिजे. म्हणून गुगलची यंत्रणा फोन चार्जिंगला लावून एका जागी पडलेला असताना त्याचा भूकंपमापक म्हणून वापर करते. एका फोनला कंपन जाणवलं तर त्याला किंमत नाही. टेबलावर कोणी हात आपटला असेल किंवा शेजारून ट्रॅक्टर गेला असेल. पण एकाच भागातल्या शेकडो फोननी एकाच वेळी तेच सांगितलं, तर सर्व्हर म्हणतो, हा भूकंप दिसतो. मग केंद्र आणि तीव्रतेचा अंदाज बांधून तो पुढच्या भागातल्या फोनना इशारा पाठवतो.

कल्पना खरंच भारी आहे. महागड्या यंत्रांचं जाळं उभारायला देशांना वर्षं लागतात आणि इथे लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनचंच जाळं झालं. २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या यंत्रणेचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार ती ९८ देशांत महिन्याला सरासरी तीनशेच्या वर भूकंप पकडत होती. मोठा इशारा असेल तर सायलेंटवर असलेला फोनसुद्धा पूर्ण स्क्रीन व्यापून जोरात वाजतो.

आता हिंगोलीकडे या. पहिली अडचण उंबरठ्याची आहे. अंदाजे तीव्रता ४.५ किंवा त्याहून जास्त असेल तरच ही यंत्रणा लोकांना इशारा देते. त्यातही दोन प्रकार आहेत. तुमच्याकडे हलका हादरा बसेल असं वाटलं तर साधं नोटिफिकेशन येतं, जे फोन सायलेंटवर असेल तर वाजत नाही. जोराचा हादरा अपेक्षित असेल तरच तो कर्कश आवाज. आमच्या जिल्ह्यात जे धक्के येतात, ते बहुतेक तीन-साडेतीनच्या आसपासचे. २०२३ च्या जानेवारीत पहाटे ३.६ चा आला होता. अशा धक्क्याला फोन गप्प राहणार, कारण त्याला तसंच बनवलंय. बिघाड नाही. आणि ४.५ म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. पहिल्या दोन-चार सेकंदांत सर्व्हरचा अंदाज ४.३ आला तर इशारा नाही, ४.६ आला तर आहे.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती कोणत्याही कंपनीला सोडवता येणार नाही. भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या असतात. पहिली पी लाट सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते. ती जोरात हलवत नाही. मागून एस लाट येते, सेकंदाला साधारण ३.५ किलोमीटर, भिंती पाडते ती ही. सगळी पूर्वसूचना या दोघींच्या मधल्या फटीत बसवायची असते. समजा केंद्र तुमच्यापासून ३० किलोमीटरवर, जमिनीखाली १० किलोमीटर. केंद्राच्या वरच्या गावातल्या फोनना पी लाट दोन सेकंदांत कळेल. पुरेशा फोनचे सिग्नल सर्व्हरला पोचणं, सर्व्हरचा निर्णय, इशारा परत पाठवणं, यात आणखी चार-पाच सेकंद गेले समजा. तुमच्याकडे एस लाट नवव्या सेकंदाला येते. हातात उरले दोन-तीन सेकंद, तेही नेटवर्क बरं असेल तर. केंद्राच्या वरच्याच गावात असाल तर शून्य. हिशोब ढोबळ आहे, पण चित्र असंच आहे.

हाच हिशोब किल्लारीला लावून पाहा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, तीव्रता ६.२ च्या आसपास, जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या रात्री आजच्यासारखे फोन असते तर? किल्लारी ते हिंगोली सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. एस लाट इथे यायला ५० सेकंदांच्या वर लागले असते. म्हणजे हिंगोलीकरांना चाळीसेक सेकंद आधी कळलं असतं. लातूर शहराला चार-पाच सेकंद. आणि खुद्द किल्लारी, सास्तूर या गावांना काहीच नाही. ज्यांना भरपूर वेळ मिळाला असता, त्यांच्याकडे घरं पडणार नव्हती. ज्यांची घरं पडणार होती, त्यांना वेळच नव्हता. मधल्या पट्ट्यात, तीस ते शंभर किलोमीटरवर, मात्र या सेकंदांना खरी किंमत आहे. गॅस बंद करणं, पोराला ओढून पलंगाखाली घालणं, एवढं होतं त्यात.

यंत्रणा चुकतेसुद्धा. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. पहाटेची वेळ, लोक झोपलेले. गुगलच्या यंत्रणेने पहिल्या धक्क्याची तीव्रता पाचच्या आतच धरली. परिणामी कर्कश आवाजाचा इशारा गेला फक्त ४६९ फोनना. तो जवळपास एक कोटी लोकांना देता आला असता, हे कंपनीने पुढे स्वतः मान्य केलं. गणितात सुधारणा केल्यावर जुन्या माहितीवर तपासलं तेव्हा ते दिसलं. उलटंही झालंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये साओ पावलो आणि रिओ भागात मध्यरात्री फोन वाजले आणि भूकंप झालेलाच नव्हता. कंपनीने तिथे यंत्रणा काही काळ बंद केली.

तरी माझं मत विचाराल तर सेटिंग चालू ठेवा. फुकट आहे आणि कधीतरी कामाला येईल. फोनच्या सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' किंवा 'लोकेशन' खाली 'अर्थक्वेक अलर्ट्स' सापडेल. प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवलंय, म्हणून सरळ वर शोधा. लोकेशन आणि इंटरनेट चालू लागतं. बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवणाऱ्यांना इशारा येणार नाही, आणि आमच्याकडं असे लोक खूप आहेत. आयफोनवर गुगलची ही सोय नाही. पण 'फोन वाजला नाही म्हणजे काही झालं नाही' किंवा 'मोठा भूकंप असता तर वाजला असता' असा अर्थ काढू नका.

सरकारचा तो कर्कश मेसेज वेगळा, बरं का. २०२३ मध्ये देशभर चाचणीचे मेसेज आले आणि लोक दचकले, ते सेल ब्रॉडकास्ट. त्यात टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश देतो. इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबरही त्याला माहीत असावा लागत नाही. पूर, वादळ, धरणातून पाणी सोडणं, जिथे तासभर आधी कळतं, तिथे हे उत्तम. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आहे, ते जवळपास पडणाऱ्या विजेबद्दल काही मिनिटं आधी सावध करतं. मराठवाड्यात जूनमध्ये शेतात काम करणाऱ्याच्या फोनमध्ये एकच ॲप टाकायचं झालं, तर मी भूकंपाचं सोडून हे टाकेन. विजेच्या बाबतीत हातात मिनिटं असतात, भूकंपाच्या बाबतीत सेकंदही नसतात.

ग्रुपला कळतं ते काय

आता ग्रुपकडे. शहाण्या लोकांत व्हॉट्सॲप ग्रुपला नावं ठेवायची फॅशन आहे. 'व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी' म्हटलं की विषय संपला. पण २१ मार्चला सकाळी सव्वासहा वाजता त्या ग्रुपवर काय होतं ते बघा. गावाचं नाव, काय जाणवलं, आणि प्रत्येक मेसेजच्या कोपऱ्यात फोनने आपोआप टाकलेली वेळ. भांडी वाजली, पलंग हलला, पत्रे वाजले, आवाज आला, काहीच नाही जाणवलं. शास्त्रज्ञ नेमकं हेच गोळा करतात.

भूकंपाचे दोन आकडे असतात आणि बातम्यांत त्यांची खिचडी होते. तीव्रता म्हणजे केंद्रात किती ऊर्जा सुटली. ती एका भूकंपाला एकच असते, ४.५ वगैरे. (तिला 'रिश्टर स्केल' म्हणायची सवय आपल्याला लागलीय, पण आज बहुतेक ठिकाणी मोजणी वेगळ्या पद्धतीने होते. आणि बातमीत 'खोली १० किमी' वाचून फार विचार करू नका. पुरेशी माहिती नसली की तो आकडा बऱ्याचदा गृहीत धरलेला असतो.) दुसरा आकडा म्हणजे एखाद्या गावात प्रत्यक्ष किती हललं. तो गावागणिक बदलतो. काळ्या मातीच्या जाड थरावरचं गाव आणि खडकावरचं गाव शेजारी असली तरी सारखी हलत नाहीत. हा दुसरा आकडा काढायला यंत्र प्रत्येक गावात नसतं, पण माणसं असतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने म्हणूनच १९९० च्या दशकाच्या शेवटी 'तुम्हाला जाणवलं का?' अशी ऑनलाइन प्रश्नावली सुरू केली. युरोपातल्या भूकंप केंद्राची तर आणखी मजा. धक्का बसला की लोक घाबरून त्यांच्या वेबसाइटवर धावतात, तर ही अचानक वाढलेली गर्दी कुठून येतेय यावरूनच ते भूकंप कुठे झाला याचा पहिला अंदाज बांधतात. यंत्रांची मोजणी हातात यायच्या आत, फक्त लोकांच्या घाबरण्यावरून.

म्हणजे हळदीचा ग्रुप त्या सकाळी अफवांचा कारखाना नव्हता. कळमनुरी, औंढा, वसमत, सेनगाव, हिंगोली, पाचही तालुक्यांतली माणसं आपापल्या अंगणात उभं राहून मोजणी सांगत होती. दिल्लीच्या नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजीचा आकडा आला, तो त्यानंतर. एवढी दाट आणि एवढी ताजी माहिती कोणत्याच ॲपकडे नव्हती. फक्त ती कोणी गोळा केली नाही. दुपारपर्यंत ती 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली आणि भावाच्या आकड्यांखाली गाडली गेली.

ग्रुपला कळत नाही ते काय

बिघडतं ते नंतरच्या तासात. सुरुवातीचे मेसेज सगळे भूतकाळातले असतात: बसला, वाजलं, पळालो. मग हळूच भविष्यकाळ येतो. "आज रात्री साडेदहाला मोठा येणार." "नासाने सांगितलंय." "घरात झोपू नका." पाठोपाठ कोणत्या तरी देशातल्या पडत्या इमारतींचा जुना व्हिडिओ. या मेसेजना ओळखायची खूण सोपी आहे. पाठवणाऱ्याने स्वतःचं गाव लिहिलेलं नसतं, भाषा त्याची नसते, आणि वरती 'फॉरवर्डेड' असतं. जो काका "पत्रे वाजले राव" असं लिहितो, तो "नागरिकांनी सतर्कता बाळगावी" असं कधीच लिहीत नाही.

आज जगात कोणीही, नासा असो की दिल्लीचं केंद्र, भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगू शकत नाही. नासाचं तर ते कामही नाही. त्यामुळे ज्या मेसेजमध्ये येणाऱ्या भूकंपाची वेळ आहे, तो खोटा. इथे तपासत बसायची गरज नाही.

पण लोक अशा मेसेजवर विश्वास का ठेवतात, याला आमच्याकडे खरं कारण आहे, आणि त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीखालून गूढ आवाज येतात, कित्येक वर्षांपासून. खिडक्या थरथरतात, माणसं रात्री बाहेर येतात. आणि मराठवाड्यात प्रत्येकाला हे ठाऊक आहे की किल्लारीत मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, असेच छोटे धक्के बसत होते. त्या वेळी लोक सांगत होते, आणि पुढे जे झालं ते झालं. ज्याने किल्लारी ऐकलीय त्याला पांगरा शिंदेचा आवाज नुसता आवाज वाटणार नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून छोटे धक्के सुरू झाले. हजारो धक्के नोंदले गेले, पण किल्लारीसारखं काही झालं नाही. जगभर अशा मालिका होतात आणि बहुतेक वेळा विरून जातात. छोट्या धक्क्यांमागून मोठा येतोय की नाही, हे येण्याआधी ओळखता येत नाही. म्हणजे "येणार" म्हणणारा जितका चूक, तितकाच "काही होत नाही, घाबरू नका" म्हणणाराही. पालघरमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्का बसल्यावर घाबरून बाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. भीतीचंही मोजमाप असतं, ते असं.

अफवा आणि भीती एकत्र आल्यावर काय होतं, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ ला पाहिलंय. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा मेसेजांच्या वातावरणात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं होती. देशभर अशा घटना घडत होत्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. सहा महिन्यांनी ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, आणखी घट्ट केली: जो मेसेज आधीच पाच हातांतून आलाय, ज्यावर दुहेरी बाण दिसतो, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यामुळे असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीचं म्हणणं. आकडा खोटा मानायचं कारण नाही, पण पळवाट सगळ्यांना माहीत आहे. कॉपी करा, पेस्ट करा, बाण गायब. हल्ली ग्रुपवर येणाऱ्या 'नासा'च्या मेसेजवर बाण नसतो, कारण तो कॉपी केलेला असतो.

(एक आधीच सांगून ठेवतो. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहतेय. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली. ही प्रयोगशाळा अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडायची, म्हणजे जमिनीची बारीकशी थरथरसुद्धा तिला नको असते. उद्या कोणी ग्रुपवर 'लायगोमुळेच धक्के बसतात' असं टाकलं, तर त्याला सांगा की ते यंत्र ऐकणारं आहे, हलवणारं नाही.)

ॲडमिनचं दुखणं

अशा वेळी ॲडमिन काय करतो? 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे बटण दाबतो. २०१८ पासून ते आहे आणि भूकंप, निवडणूक, सण, काहीही झालं की गावोगाव ते दाबलं जातं. भीती कळते. कोणीतरी काहीतरी टाकेल आणि पोलीस मला बोलावतील. पण याबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय: ॲडमिन फक्त माणसं घेऊ किंवा काढू शकतो, दुसऱ्याने काय टाकावं यावर त्याचा ताबा नसतो, त्यामुळे समान हेतू किंवा संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. याचा अर्थ ॲडमिनने डोळे मिटावेत असा नाही. मुद्दा इतकाच की भीतीपोटी सगळ्यांची तोंडं बंद करायची गरज नाही.

आणि भूकंपात हे बटण दाबणं म्हणजे नेमकी कामाची गोष्ट बंद करणं. अफवा थांबतात, हे खरं. पण त्यासोबत "आमच्याकडं गोठ्याची भिंत पडली" हेही थांबतं. तलाठ्याला, सरपंचाला, बाहेरगावी असलेल्या पोराला जी माहिती हवी असते तीच. अफवा मात्र दुसऱ्या ग्रुपवरून चालूच राहते.

त्यापेक्षा सोपी गोष्ट आहे, आणि माझ्या बॅचच्या ग्रुपवर आम्ही ती करून ठेवलीय. धक्का बसला की ॲडमिन एक पोल टाकतो. २०२२ पासून व्हॉट्सॲपमध्ये ती सोय आहे. पर्याय चारच: जाणवलं नाही, हलकं जाणवलं, भांडी किंवा पत्रे वाजले, भिंतीला तडा. खाली ज्याने त्याने फक्त गावाचं नाव लिहायचं. फॉरवर्ड दिसला की काढायचा, स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं ठेवायचं. पोलला कोणी उत्तर दिलं ते नावानिशी दिसतं, त्यामुळे "भिंतीला तडा" म्हणणाऱ्याला लगेच फोन लावता येतो. तीच माहिती नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजीला कळवली तर ती नोंदीत राहते. त्यांचं 'भूकंप' नावाचं ॲप आहे, आलेल्या धक्क्यांची यादीही त्यात दिसते. मोठा आवाज आला की यूट्यूबवर पळण्याआधी ते उघडायचं. यादीत यायला काही मिनिटं लागतात, तेवढा दम धरावा लागतो.

ग्रुप की कम्युनिटी की चॅनेल, हाही प्रश्न येतो. २०२२ च्या शेवटी ग्रुपची मर्यादा १०२४ झाली आणि कम्युनिटी आली, २०२३ मध्ये चॅनेल. चॅनेल म्हणजे लाउडस्पीकर: एक बोलणार, बाकी ऐकणार. तहसील कार्यालयाने, नगरपालिकेने चॅनेल चालवावं, तिथे ते शोभतं. पण हजार जणांच्या ग्रुपवर कोण कोणत्या गावचा हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून तिथे अफवा लवकर मुरते. शे-दीडशेच्या ग्रुपवर, जिथे सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, "तुझ्याकडं खरंच जाणवलं का रे, की उगाच?" असं विचारता येतं. माझ्या अनुभवात याच्याइतका चांगला फिल्टर कोणत्याही कंपनीने अजून बनवलेला नाही.

राहिला तो सल्ला, जो मार्च २०२४ मध्ये ग्रुपवर सगळ्यात कमी फिरला. धक्क्यानंतर प्रशासनाने आवाहन केलं होतं की ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. आमच्याकडे अर्ध्या घरांवर ते असतात. किल्लारीत माणसं मेली ती जमीन हलल्यामुळे नाही, तर दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवद अंगावर आल्यामुळे. पत्र्यावरचा दगड त्याचाच छोटा भाऊ. फोन दोन सेकंद आधी वाजला काय आणि नाही वाजला काय, डोक्यावर दगड असेल तर ते दोन सेकंद पुरणार नाहीत. दगड काढून पत्रे हूक-बोल्टने आवळायला जो खर्च येतो, तो फोनच्या कव्हर आणि स्क्रीनगार्डच्या खर्चाहून फार जास्त नसेल. वादळात पत्रे उडणार नाहीत, हा फायदा वेगळाच.

आमच्या भावकीच्या ग्रुपवर मी हे आवाहन टाकलं, तेव्हा त्याला तीन अंगठे आले. त्याच दिवशी 'रात्री साडेदहा'वाल्या मेसेजला बावीस प्रतिक्रिया होत्या. मग आत्याने एक फोटो टाकला, दगड उतरवलेल्या पत्र्याचा, खाली तिचं गाव लिहून. त्यानंतर दोन दिवसांत असे सात फोटो आले.